रात्री काय भिजत घातलंय

सासूबाई सुपात रेशनचा तांदूळ घेऊन दारात बसल्या होत्या आणि त्यातले एकेक पांढरट दाणे वेचून बाजूच्या वाटीत टाकत होत्या. मी मंडईतून भाजी घेऊन आले तोवर वाटीत चांगले मूठभर दाणे जमलेले. म्हणलं आई हे काय चाललंय, तर म्हणाल्या, "आगं प्लास्टिकचा तांदूळ मिसळत्यात आता, पाण्यात टाकला की तरंगतोय बघ." आणि खरंच त्यांनी फुलपात्रात चार दाणे टाकून दाखवले, त्यातले दोन वर आले.

मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं, कारण त्या वाटीत जे पडलं होतं तेच त्या तांदळातलं सगळ्यात कामाचं होतं. ते फोर्टिफाइड दाणे आहेत, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून मशिनमधून तांदळाच्या आकाराचे काढतात आणि शंभर किलो साध्या तांदळात एक किलो या हिशोबाने मिसळतात. रंग जरा वेगळा असतो, वजनाला हलके असतात म्हणून पाण्यात वर येतात, बस्स. मी चार दाणे वाटीत अर्धा तास भिजवले आणि त्यांच्यासमोर बोटांनी चुरडले, पीठ झालं. प्लास्टिक असतं तर झालं असतं का? मग त्यांनी वाटीतलं सगळं परत सुपात ओतलं आणि काही न बोलता पुढचा तांदूळ निवडायला घेतला, फक्त खडे काढत.

हे इतकं सविस्तर सांगतेय कारण हाच विचार मला सगळीकडं दिसतो. फुकट मिळालं म्हणजे खोटं असणार, स्वस्तात मिळालं म्हणजे हलकं असणार. आणि मग ज्यांना परवडत नाही ती माणसंसुद्धा चांगली वस्तू टाकून देतात आणि वीस रुपयाचं चकचकीत पाकीट पोरांच्या हातात देतात. मी गेली सहा-सात वर्षं आमचं चौघांचं स्वयंपाकघर याच स्वस्त सामानावर चालवतेय आणि मला मनापासून सांगावंसं वाटतं की स्वस्त वस्तूला फक्त एकच गोष्ट जास्त लागते, ती म्हणजे आदल्या रात्रीचा विचार. भिजत घालायचं, मोड आणायचे, भाजून ठेवायचं, आंबवायचं. पैशाच्या जागी वेळ द्यायचा, तोही आपला नाही, बराचसा पातेल्याचाच वेळ असतो, आपण झोपलेलोच असतो की.

सुरुवात कशी झाली तर ह्यांच्या कंपनीत काही महिने पगार अर्धाच येत होता. कुठली कंपनी ते राहू दे. घरभाडं तेवढंच, शाळेची फी तेवढीच, मग जे कमी करता येत होतं ते किराणाच. तेव्हा मी पहिल्यांदा डी-मार्टात यादी घेऊन गेले आणि यादीप्रमाणे नाही तर रॅकवर सगळ्यात खाली काय ठेवलंय ते बघत फिरले. बघा कधी, डोळ्यासमोरच्या फळीवर बिस्किटं, सॉस, झटपट नूडल्स, आणि वाकून बघितलं की सोया चंक्स, पांढरा वाटाणा, जाडे पोहे, मॅकरोनीचे किलोकिलोचे पुडे. मी तेव्हापासून वाकूनच खरेदी करते.

मागच्या खेपेचं बिल समोर आहे म्हणून सांगते. पांढरा वाटाणा एक किलो, हुलगे म्हणजे कुळीथ एक किलो, सोया चंक्स अर्धा किलो, मॅकरोनी एक किलो, जाडे पोहे एक किलो, उडीद डाळ अर्धा किलो, चुरमुरे अर्धा किलो, शेंगदाणे एक किलो आणि थोडं जिरं. पावणेसातशेच्या आत बसलं. तांदूळ-गहू रेशनचे असतात, तेल महिन्याचं वेगळं, भाजी मंडईतली. या सामानावर दहा-बारा दिवस डब्यात एकदाही तीच गोष्ट दोनदा लागोपाठ गेली नाही.

खरेदीचं थोडं सांगते आणि मग स्वयंपाकाकडं येते, कारण मला तेच जास्त सांगायचंय. पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर छापलेला असतो, तो वाचायचा. 'एकावर एक फ्री' लिहिलेलं पाकीट कितीदा तरी बाजूच्या साध्या पाकिटापेक्षा महाग पडतं आणि ते त्या बारीक आकड्यावरूनच कळतं. दुसरं म्हणजे तारीख. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील, आणि 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे त्यानंतर खायचंच नाही. हे दोन वेगळे आहेत. तारीख जवळ आली म्हणून कमी किमतीला लावलेली मॅकरोनी किंवा पोहे मी बिनधास्त आणते, पण दूध-पनीर असलं काही असल्या कमी किमतीत कधीच घेत नाही, कितीही मोह झाला तरी. आणि डाळी जास्त लागणार असतील तर आमच्या सांगलीच्या गणपती पेठेत जाऊन सुट्ट्या घेते, १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद लेबल लावलेल्या धान्या-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागला, सुट्ट्यावर नाही, शिवाय सुटी डाळ हातात घेऊन बघता येते, वास घेता येतो.

एक गोष्ट मात्र मी सुटी घेत नाही ती म्हणजे बेसन. बेसन फारच स्वस्त मिळत असेल तर त्यात वाटाण्याचं पीठ असण्याची शक्यता असते. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या पिवळ्या वाटाण्यावरचं शुल्क काढलं होतं आणि तेव्हा हरभऱ्यापेक्षा तो वाटाणा बराच स्वस्त पडायला लागला होता, नोव्हेंबर २०२५ पासून शुल्क परत लागलंय. वाटाणा वाईट नाही हो, मी तर किलोकिलोने आणते, पण मला वाटाणा खायचा असेल तर मी वाटाणा म्हणूनच विकत घेईन ना. त्यामुळं हरभराडाळ आणायची आणि गिरणीतून दळून आणायची.

आता वाटाणा. रात्री जेवणं झाली की दोन वाट्या वाटाणा भरपूर पाण्यात टाकायचा, सकाळपर्यंत तो दुप्पट होतो. कुकरला हळद-मीठ घालून चार-पाच शिट्ट्या. आता इथं मी काय करते की तो सगळा एकदम फोडणीला टाकत नाही. वरचं पाणी, जरा दाटसर असतं ते, वेगळं काढून ठेवते. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटाण्याचा रगडा, वर बारीक कांदा, कोथिंबीर, चिंचेचं पाणी. दुसऱ्या दिवशी त्या काढलेल्या पाण्याची आमटी, त्याला आमची चटणी घालून कट काढायचा. बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, आमच्या सांगली-कोल्हापूरकडं चटणी म्हणजे वर्षाचं करून ठेवलेलं कांदा-लसणाचं तिखट. थोडं सुकं खोबरं आणि एक कांदा गॅसवर थेट जाळीवर भाजून वाटून लावला की त्या कटाला असा रंग येतो की भाकरी कुस्करून चार वाट्या कधी संपतात कळत नाही. आणि तिसऱ्या दिवशी उरलेला वाटाणा कुस्करायचा, त्यात जाडे पोहे नुसते धुऊन घालायचे, आलं-मिरची, आणि तव्यावर चपट्या टिक्क्या. पोह्यांनी बांधणी येते, ब्रेडचा चुरा वगैरे काही लागत नाही. एका भिजवणीत तीन दिवस आणि तिन्ही दिवस वेगळं.

सोया चंक्सला लोक नावं ठेवतात, वास येतो म्हणतात. येतो, पण तो घालवता येतो आणि एकदा जमलं की मग त्याच्याइतकं स्वस्त प्रोटीन दुसरं नाही. सोयाबीनचं तेल काढून घेतल्यावर जो सत्त्वाचा भाग उरतो त्याचेच हे गोळे, शंभर ग्रॅममध्ये पन्नास ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. करायचं असं, पाण्याला उकळी आणून त्यात मीठ टाकून पाच मिनिटं चंक्स उकळायचे, गाळायचे, गार पाण्यात घालून दोन्ही तळव्यांत घट्ट पिळायचे. पहिल्यांदा जे पाणी निघतं ते फेसाळ आणि पिवळट असतं, ते गेलं पाहिजे. परत गार पाणी, परत पिळायचं, दुसऱ्या वेळी पाणी जवळजवळ स्वच्छ येतं. मग मिक्सरला एक-दोनदाच फिरवून जाडसर करायचे. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, फोडणी द्यायच्या आधी कोरड्या लोखंडी कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं परतायचे, आधी वाफ येते, मग वाफ बंद होते, मग कडेने थोडे तांबूस व्हायला लागतात आणि भाजलेल्या दाण्यासारखा वास सुटतो. तो वास सुटेपर्यंत थांबायचं, मध्ये सोडायचं नाही. त्यानंतर कांदा, टोमॅटो, चटणी, गरम मसाला, असा खिमा होतो की माझ्या दिराने, जो मटणाशिवाय रविवार मानत नाही, त्याने तीन पाव खाऊन विचारलं वहिनी कुठून आणलंस हे. उरला तर दुसऱ्या दिवशी चपातीत भरून रोल, डबा रिकामा परत येतो.

मॅकरोनीचं सांगायलाच पाहिजे कारण पोरांचा हट्ट तिथंच असतो. बाहेरचा पांढरा सॉस म्हणजे चीज आणि बटर, ते आपल्या बजेटात नाही. मी बरेच दिवस टोमॅटोतच करत होते आणि ते आंबट व्हायचं, पोरं अर्धं टाकायची. मग एकदा घरात लाल भोपळ्याची फोड उरलेली होती, ती सालीसकट तव्यावर झाकून भाजली, सोबत लसणाच्या आठ-दहा पाकळ्या न सोलता, आणि दोन्ही मऊ झाल्यावर सालं काढून, मूठभर भाजलेले शेंगदाणे, एक छोटा टोमॅटो आणि मॅकरोनी शिजवलेलं अर्धी वाटी पाणी घालून मिक्सरला एकदम बारीक वाटलं. रंग सुंदर केशरी, दाण्याने दाटपणा आणि स्निग्धपणा आला, भाजलेल्या लसणाचा तिखटपणा जाऊन गोडसर झालेला. वर मिरपूड आणि थोडं लिंबू. पोरीने विचारलं आई चीज घातलंस? मी सांगितलं भोपळा आहे, दाणे आहेत. तिला भोपळ्याची भाजी आवडत नाही पण हे ती आता स्वतः मागते. पोरांपासून लपवून भाज्या खायला घालायच्या हे मला पटत नाही, सांगूनच द्यावं, एकदा चव आवडली की नावाची भीती जाते.

चुरमुरे सांगलीत कोणाला शिकवायचे, भडंग तर इथलंच. पण पावसाळ्यात पुडा उघडला की दोन दिवसांत चुरमुरे सादळतात आणि मग ते कोणी खात नाही. सादळलेले चुरमुरे पाण्यात एक मिनिट बुडवून पिळून काढायचे, फोडणीत कांदा-मिरची-कढीपत्ता परतायचा, हळद, चुरमुरे, आणि वरून फुटाण्याच्या डाळीचं जाडसर कूट. सोलापूर-मराठवाड्याकडं याला सुशीला म्हणतात, पलीकडं कर्नाटकात सुसला. लिंबू पिळून गरम खायचं. दहा मिनिटांत चौघांचा नाश्ता आणि पोह्यांपेक्षा हलका.

आणि इथल्या माणसांना एक मुद्दाम सांगते, काळा बेदाणा बघा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, हळदीला २०१८ साली, आपण अभिमानाने सांगतो पण घरात वापरतो किती? तासगावला आणि इथं मार्केट यार्डात बेदाणा रंगावरून आणि आकारावरून वेगळा करतात, लांबट हिरवा-पिवळा त्याला भाव, आणि जो काळपट किंवा बारीक निघतो तो बऱ्याच कमी दरात मिळतो. गोडीला मला काही कमी वाटत नाही. मी तो आणते, कोमट पाण्यात दोनदा चांगला चोळून धुते, कारण द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून डिपिंग ऑइल नावाच्या तेलाच्या द्रावणात बुडवलेली असतात, मग एक वाटी बेदाणा आणि लिंबाएवढी चिंच दोन तास भिजवते. त्याच पाण्यात वाटून, गाळून, भाजलेलं जिरं, लाल तिखट, मीठ, चिमूटभर सुंठ घालून पळीवरून संथ पडेल इतपत आटवते. गूळ-साखर काही नाही. ही बेदाण्याची आंबटगोड चटणी फ्रिजमध्ये पंधरा दिवस सहज राहते. वर सांगितलेल्या वाटाण्याच्या टिक्क्यांबरोबर ही आणि बाजारचा सॉस शेजारी ठेवून बघा.

हुलग्याबद्दल मी जरा हळवी आहे. माझं माहेर आटपाडीकडचं, पाणी कमी, तिथं आमच्या लहानपणी हुलगा हेच कडधान्य, कारण ते थोडक्या पावसावर येतं. आई हुलगे तव्यावर भाजायची, जात्यावर भरडायची, आणि थंडीत संध्याकाळी माडगं करायची. लसूण-जिऱ्याची फोडणी, पाणी उकळलं की त्यात ताकात कालवलेलं हुलग्याचं पीठ सोडायचं आणि पळी हलवत राहायचं, पाच मिनिटांत दाट होतं. आम्ही भावंडं चुलीपुढं वाट्या घेऊन बसायचो. कधी गुळाचं करायची. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा मला कोणाला सांगायला अवघड वाटायचं की आम्ही हुलगं खायचो, इथं शेजारी म्हणायचे ते तर बैलांना घालतात. आता तेच हुलगे दुकानात 'कुळीथ' म्हणून छान पाकिटात मिळतात आणि लोक तब्येतीसाठी विकत घेतात. मी दहा-बारा तास भिजवून, फडक्यात बांधून मोड आणते, थंडीत मोडाला दीड दिवस लागतो, घाई करू नये. मोडाची उसळ, शिजवलेल्या पाण्याचं कळण भातावर, आणि भाजून दळून आणलेलं पीठ बरणीत, माडग्यासाठी. माझ्या मुलाला ताप आला की तो खिचडी मागत नाही, माडगं मागतो.

आणि रेशनच्या जाड तांदळाचं. भात मोकळा होत नाही म्हणून नाक मुरडतात पण आंबोळ्या-उत्तप्प्याला त्याच्यासारखा तांदूळ नाही, महागाचा बारीक तांदूळ तिथं चालतच नाही. माझं नेहमीचं प्रमाण चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, एक चमचा मेथी. पण उडीद डाळ हीच त्यातली महाग गोष्ट आहे, म्हणून गेले तीन आठवडे मी ती कमी करून बघतेय. पहिल्यांदा उडीद अजिबात न घालता दोन वाट्या पोहे घातले, तर आंबोळी तव्याला चिकटली आणि आतून गिचका झाली. दुसऱ्यांदा पाऊण वाटी उडीद आणि अर्धी वाटी पोहे, चांगल्या झाल्या, जाळी पडली, पण गार झाल्यावर डब्यात वातड झाल्या. काल दुपारी तिसऱ्यांदा भिजत घातलं, अर्धी वाटी उडीद, एक वाटी पोहे आणि या वेळी मेथी दोन चमचे. रात्री वाटलं, वाटताना पाणी एकदम थंड वापरलं म्हणजे मिक्सरमध्ये पीठ तापत नाही. थंडी पडलीय म्हणून सासूबाईंनीच पातेलं त्यांच्या जुन्या घोंगड्यात गुंडाळून ओट्याखाली ठेवलंय, आणि आत्ता सकाळी बघितलं तर झाकण एका बाजूने जरासं उचललं गेलंय. तवा तापत ठेवते.